आपटा लावताय? आधी पान हातात घेऊन बघा

साताऱ्यातल्या आमच्या अंगणात 'आपटा' म्हणून वाढवलेल्या झाडाला तिसऱ्या वर्षी ऐन दिवाळीत जांभळी फुलं आली, तेव्हा कळलं की दारात कांचन उभा आहे. दोष निम्मा रोपवाटिकेचा, निम्मा माझा. मीही जोडपान बघितलं आणि पैसे मोजले.

जोडपान दिसलं की आपटा, ही पहिली चूक आणि ती कळायला वर्षं जातात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने या झाडांना 'बौहिनिया' नाव दिलं तेच मुळी बौहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून, पानाचे दोन जोडलेले भाग बघून. थोडक्यात, जोडपान ही सगळ्या भावकीची खूण आहे, एकट्या आपट्याची नाही.

आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त, दोन-तीन बोटांएवढं, जाड, चिवट आणि खालून पांढुरकं. कांचनाचं वाढलेलं पान तळहाताएवढं आणि पातळ. पण कांचनाच्या रोपाची पानंही लहानच असतात, तिथेच फसगत होते. म्हणून मापावर जाऊ नका, पान बोटांत धरून बघा. फूल आलं की मात्र वाद संपतो. देवकांचन पावसाळा सरताना, अंगावर पानं असतानाच जांभळा फुलतो. पाकळ्या अरुंद, पुंकेसर बहुधा 3. रक्तकांचन पानं झडल्यावर फेब्रुवारी-मार्चकडे फुलतो. पाकळ्या रुंद, पुंकेसर 5. आपट्याला उन्हाळ्यात बारीक, पिवळसर पांढरी फुलं तुऱ्याने येतात, पुंकेसर 10. शोभेसाठी रंगच हवा असेल तर सरळ कांचन लावा, त्यात कमीपणा नाही. आपट्याची शोभा त्याच्या वाकड्या खोडात आणि खाली झुकलेल्या फांद्यांत आहे.

दुसरी चूक पाण्याची. माण-खटाव, जत-आटपाडीच्या मुरमाड माळावर आपटा निभावतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, उसाच्या पाटाला लावला की पानं पिवळी पडून रोप बसतं. तिथे हातभर उंच वरंबा करून त्यावर लावा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी पुरे. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच्या वरच राहतात.

मार्चमध्ये झाड बोडकं दिसलं म्हणून उपटून टाकणारेही भेटतात. नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर थांबा.

बियांपासून करायचं असेल तर झाडावरच वाळलेल्या काळसर शेंगा घ्या. पाणी उकळा, गॅस बंद करा, मग बी टाकून रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेलं बी लावायचं. न फुगलेलं कानशीवर एका बाजूने घासून परत भिजवायचं. पिशवी लांब घ्या, कारण सोटमूळ लवकर खाली जातं आणि आखूड पिशवीत गुंडाळी होऊन बसतं. असं रोप जमिनीत लावल्यावरही वर्षानुवर्षं खुरटतं आणि आपण खत बदलत राहतो.

राहता राहिला दसरा. लहान झाडाच्या फांद्या ओरबाडल्या की साल सोलली जाते, आणि त्या जखमेतून कीड शिरते. झाड डोक्याच्या वर जाईपर्यंत सोनं म्हणून चार-दोन पानंच देठापासून खुडा. पुढे फांदी घ्यायची झाली तर धारदार कात्रीने, तीही बाजूची. शेंडा सोडून द्या.

आमचा कांचन तसाच ठेवलाय. आपटा आता गेटापाशी आहे, ओळखीच्यांच्या बांधावरच्या झाडाचं बी आणून केलेला. चार वर्षांत कमरेएवढा झालाय.