घोटा, खुबा, पाठ: खेळत राहायचं तर सांध्यांची रोजची मशागत

खो-खोच्या चौकात बसलेला खेळाडू नीट बघा. उकिडवा, वजन चवड्यांवर, हात जमिनीला टेकलेले, मान वर. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की त्याच अवस्थेतून तो थेट धावत सुटतो. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर यांच्या नेतृत्वाखालच्या भारताच्या महिला आणि पुरुष संघांनी नेपाळला हरवून दोन्ही विजेतेपदं आणली, तेव्हा मी गुणांइतकंच या मुलामुलींच्या घोट्यांकडे आणि खुब्यांकडे बघत होतो. मीही एके काळी असाच बसायचो. पंचेचाळिशीत सिंहगड उतरताना उजवा गुडघा दुखायला लागला आणि मी कितीतरी महिने गुडघाच शेकत राहिलो. खरी अडचण खाली होती: कॉलेजात मुरगळलेला घोटा कधी पूर्ण मोकळाच झाला नव्हता.

गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. वरचा खुबा किंवा खालचा घोटा आखडला, तर त्यांच्या वाट्याची हालचाल गुडघ्याला किंवा कमरेला करावी लागते. म्हणून दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा आधी तपासायचा.

दुसरी गोष्ट, सांधा नुसता ओढून सैल करण्यात फारसा अर्थ नाही. जिथपर्यंत पाय जातो तिथे तो स्वतःच्या ताकदीने धरता आला, तरच ती हालचाल मैदानात कामाला येते. नुसत्या ताणाने मिळालेली मोकळीक दुसऱ्या दिवशी बरीचशी गेलेली असते. खालच्या प्रत्येक व्यायामात ताणानंतर जोर लावायला सांगितलंय तो याचसाठी. तो भाग गाळू नका.

पहिली पायरी: मोजा

अनवाणी भिंतीसमोर उभे राहा. अंगठा भिंतीपासून अर्ध्या वितीवर, म्हणजे साधारण १० सेंटीमीटरवर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? लागत नसेल तर पाय पुढे सरकवत जा आणि जिथे लागेल ते अंतर लिहून ठेवा. दोन्ही पायांचं वेगवेगळं. दोन्हींत दीड-दोन सेंटीमीटरचा फरक असेल, तर आखडलेल्या पायाला दुप्पट वेळ द्यायचा.

मग जमिनीवर बसा आणि उठा, शक्यतो हात न टेकता. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी या साध्या कृतीची १० गुणांची चाचणी केली आहे: बसण्याचे ५, उठण्याचे ५, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक आधाराला एक गुण वजा, तोल डळमळला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांवरचा त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. आकड्याने घाबरू नका, सुरुवात कुठून करायची ते मात्र त्यातून कळतं. पडण्याची भीती असेल तर शेजारी कुणाला तरी उभं करा.

दुसरी पायरी: सकाळची वर्तुळं

सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि ओला स्पंज दाबावा-सोडावा तसा हालचालीमुळेच तो द्रव तिच्यात खेळता राहतो. म्हणून रोज पाचेक मिनिटं मान, खांदे, मनगटं, खुबे, घोटे यांची शक्य तेवढी मोठी वर्तुळं काढा, प्रत्येक बाजूला तीन-तीन. वेग अगदी कमी ठेवा. एका वर्तुळाला दहा सेकंद लागले पाहिजेत आणि बाकीचं अंग हलता कामा नये. खुब्याचं वर्तुळ काढताना कंबर बरोबर फिरली, तर वर्तुळ लहान करा.

एक पथ्य पाळा. रात्रभर आडवं असल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्या उठल्या अर्धा-पाऊण तास कमरेतून पूर्ण वाकून पायाचे अंगठे धरू नका.

तिसरी पायरी: घोटा

इथे घाई नको. धावणं, उडी, गड उतरणं, बॅडमिंटनमध्ये पुढे झेपावणं, या सगळ्यांत घोटा पुढे वाकावा लागतो.

भिंतीपाशी चाचणीच्याच स्थितीत उभे राहा. गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे न्या, दोन सेकंद थांबा, मागे या. असं १५ वेळा. पायाची कमान आत कोसळू देऊ नका. ती कोसळली की गुडघा भिंतीला लागतो, पण घोटा वाकलेला नसतो. शेवटच्या वेळी तिथेच थांबून चवडा जमिनीत रुतवल्यासारखा १० सेकंद दाबा, मग टाच न उचलता चवडा वर उचलायचा प्रयत्न १० सेकंद करा.

ताण कुठे येतोय याकडे लक्ष द्या. पोटरीत ओढ वाटली तर ठीक. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं होत असेल, तर पोटरी ताणून उपयोग नाही. जुनी मुरगळ असलेल्यांना हे बऱ्याचदा होतं, त्यांनी एकदा फिजिओथेरपिस्टकडून घोटा तपासून घ्यावा.

त्यानंतर जिन्याची पायरी. कठडा धरा, चवडे कडेवर ठेवा, टाचा पायरीखाली सोडा. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १० ते १२ वेळा. आधी गुडघे सरळ ठेवून, मग थोडे वाकवून. गुडघा वाकला की पोटरीतला आतला स्नायू जास्त काम करतो.

चौथी पायरी: खुबा आणि उकिडवं बसणं

जमिनीवर बसा. एक पाय पुढे काटकोनात दुमडलेला, दुसरा बाजूला आणि मागे, तोही काटकोनात. पाठ ताठ ठेवून पुढच्या नडगीवर झुका, पार्श्वभागात ओढ जाणवेल. अर्धा मिनिट श्वास चालू ठेवून थांबा. मग पुढची नडगी जमिनीत हळूहळू जोर वाढवत १० सेकंद दाबा, त्यानंतर तीच उचलायचा प्रयत्न १० सेकंद. ती उचलली जाणार नाही, काही हरकत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन वेळा करा. गुडघ्यात कळ आली तर काटकोन कमी करा किंवा हाच व्यायाम खुर्चीत, एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून करा.

आता उकिडवं बसणं. जेवण टेबलावर आलं, स्वयंपाक ओट्यावर गेला, शौचालयात कमोड आला, आणि खुबा पूर्ण दुमडण्याची वेळच दिवसातून येईनाशी झाली. टाचा टेकत नसतील तर त्यांच्याखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा पाटाची कड घ्या आणि खिडकीचा गज धरून बसा. दिवसभरात हप्त्याहप्त्याने मिळून तीन मिनिटं भरली तरी पुरे. खुब्याच्या खोबणीची ठेवण प्रत्येकाची निराळी असते, तेव्हा पाय किती फाकवायचे आणि चवडे किती बाहेर काढायचे ते तुमचं तुम्ही शोधा. जांघेत टोचायला लागलं की तिथून पुढे जबरदस्ती करू नका.

ताकदीसाठी बैठका मारा. तालमीतली बैठक चवड्यांवर येऊन मारतात, ती उत्तमच आहे, पण तिच्यात घोट्याची उणीव झाकली जाते. म्हणून आठवड्यातले दोन दिवस टाच टेकवून, खाली जायला पाच सेकंद घेऊन, तळाशी दोन सेकंद थांबून ८ ते १० मारा. सोप्या वाटल्या तर हातात पाण्याची भरलेली कळशी घ्या.

पाचवी पायरी: वरची पाठ आणि खांदे

कंबरेचे पाच मणके वळायला फारसे बनलेलेच नाहीत. वळणं हे बरगड्यांच्या पट्ट्यातल्या बारा मणक्यांचं काम. कुशीवर झोपा, वरचा गुडघा उशीवर टेकवा, वरचा हात उघडत मागच्या जमिनीकडे न्या, श्वास सोडा. प्रत्येक बाजूला आठ वेळा. गोलंदाजी, टेनिस किंवा पोहणं करणाऱ्यांनी हे चुकवू नये. खांद्यासाठी घरी दांडा असेल तर त्याला दिवसातून दोन-तीनदा अर्धा मिनिट लोंबकळा, सुरुवातीला पाय जमिनीला टेकलेले ठेवून.

कधी करायचं, कुणी थांबायचं

वर्तुळं रोज. घोटा आणि खुब्याचं काम आठवड्यातून तीन-चारदा, शक्यतो खेळ झाल्यावर अंग गरम असताना. सामन्याच्या तोंडावर एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर उडी आणि वेग थोडा उतरतो, म्हणून खेळाआधी फक्त हलत्या हालचाली करा.

तुमच्या हाताचा अंगठा मनगट वाकवून मनगट-कोपराच्या मधल्या भागाला सहज टेकत असेल आणि कोपरे-गुडघेही उलटे वाकत असतील, तर ताण देणारे भाग सोडा आणि फक्त जोर लावणारे करा. सांधा सुजला, अडकला, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

दर महिन्याच्या १ तारखेला भिंतीपाशी पुन्हा मोजा, त्याच वेळी आणि त्याच जागी. स्नायू लवकर ऐकतो, स्नायूबंध सावकाश, त्यामुळे पहिले सहा-आठ आठवडे आकडा जेमतेम हलेल. माझा उजवा घोटा ४ सेंटीमीटरवरून ९वर यायला आठ महिने लागले. डावा ११वर आहे, म्हणून उजव्याचे १५ अजूनही ३० वेळा करतो.