लाकडी बटची एअरसॉफ्ट ली-एनफील्ड: या चुका टाळा

नेम मध्यावर धरलेला असतो आणि छर्रा दर वेळी एकाच बाजूला जातो. असं झालं की बहुतेक जण आधी हॉप-अपचं (छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारं) रबर बदलतात, मग आतली नळी, मग स्प्रिंग. ली-एनफील्ड रायफलच्या एअरसॉफ्ट (हवेच्या दाबाने प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या) प्रतिकृतीत मात्र दोष बऱ्याचदा लाकडात असतो. आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' म्हणून ओळखली जाणारी ही रायफल (1907 सालची मार्क 3 आणि पहिल्या महायुद्धातली तिची सोपी आवृत्ती मार्क 3 स्टार) एका अखंड लाकडात बसत नाही. मागचा, खांद्याला टेकणारा बट वेगळा, पुढचा, नळीखालचा फोरएंड वेगळा आणि नळीवर दोन हँडगार्ड, म्हणजे लाकडी आवरणं. प्लॅस्टिक काढून लाकूड चढवताना प्रत्येक जोडावर चूक व्हायला वाव असतो.

म्हणून सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. लाकूड उतरवून यंत्रणेची बॉडी मऊ कापड लावलेल्या शिकंजात धरा. बाहेरची नळी धरू नका, ती चेपते. 20 मीटरवर दहा छर्रे मारा. मग लाकूड चढवून पुन्हा दहा मारा. दुसऱ्या वेळी छर्रे सरकले किंवा विखुरले, तर दोष लाकडाचा आहे.

खऱ्या रायफलचं जुनं लाकूड थेट बसेल असं धरून चालू नका

एअरसॉफ्टची बॉडी बाहेरून हुबेहूब दिसली, तरी आतली मापं तिच्या बनवणाऱ्याच्या सोयीची असतात. लाकूड मागवण्याआधी चार मापं घ्या: बट ज्या खोबणीत शिरतो तिची आतली लांबी-रुंदी, ट्रिगर गार्डच्या पुढच्या व मागच्या स्क्रूमधलं अंतर, मॅगझीनच्या खिडकीची जागा आणि नोजकॅपपर्यंतची (फोरएंडच्या टोकावरच्या धातूच्या टोपीपर्यंतची) लांबी. नंबर 1 (म्हणजे हीच मार्क 3) आणि नंबर 4 (ली-एनफील्डचीच नंतरची आवृत्ती) यांचे फोरएंड एकमेकांना चालत नाहीत, विक्रेता काहीही म्हणो.

कुठल्या कारखान्याचं लाकूड आहे तेही बघा. ब्रिटिश लाकूड अक्रोडाचं किंवा बीचचं असतं, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोचं बहुधा क्वीन्सलँड मेपल किंवा कोचवुडचं. आपल्या ईशापूरच्या अनेक फोरएंडमध्ये मजबुतीसाठी एक आडवा स्क्रू घातलेला असतो. तो न बघता पटाशी किंवा ड्रिल चालवलं, तर हत्यार मोडतं आणि लाकडाचा टवका उडतो.

बट लांबीप्रमाणे चार मापांत येत असे, प्रत्येकात अर्ध्या इंचाचा फरक. वरच्या कडेला, बटप्लेटच्या (बटच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) जवळ अक्षर ठोकलेलं असतं: बी सर्वांत आखूड, एस आखूड, एल लांब, अक्षर नसेल तर नेहमीचं माप. जाड जॅकेट घालून खेळणाऱ्याने एस घ्यावा.

बटचा बोल्ट आधी फिरवू नका

यातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नंबर 1 मध्ये बट लांब बोल्टने धरलेला असतो आणि बटप्लेटच्या झाकणातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून तो फिरवता येतो. पण या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या मागच्या बाजूच्या पट्टीत अडकतं. फोरएंड जागेवर असताना बोल्ट फिरवला की चौकोनी टोक त्या पट्टीला पिळतं आणि लाकूड मागून सरळ चिरतं. प्रतिकृतीत खरा बोल्ट आणि खरं लाकूड वापरत असाल तर हाच नियम: उतरवताना आधी फोरएंड, मग बट, चढवताना आधी बट, मग फोरएंड. चौकोनी टोक सरळ उभं आलं की नाही ते बघूनच फोरएंड बसवा.

ग्रीसवर अरल्डाइट धरत नाही

गोदामात पडून राहिलेल्या लाकडात ग्रीस आणि तेल खोलवर मुरलेलं असतं. वरून कोरडं दिसलं तरी भेगेत भरलेलं अरल्डाइट महिन्याभरात पापुद्र्यासारखं सुटतं. मिनरल टर्पेंटाइनने पुसा, खडूच्या भुकटीचा लेप द्या, उन्हात ठेवा, तेल शोषून भुकटी पिवळी पडली की झटका. भुकटी पांढरी राहीपर्यंत हेच करत राहा. चिकटवायच्या जागी शेवटी ॲसिटोन फिरवा. कॉस्टिक सोडा वापरू नका, त्याने रंग जातो आणि रेषे फुसके होतात. नवा दस्ता सागाचा करत असाल तर ॲसिटोन चुकवू नका, कारण सागाचं स्वतःचं तेलही चिकटण्याच्या आड येतं.

खोदकाम अंदाजाने करू नका

बॉडीच्या खालच्या बाजूला काजळाचा पातळ हात द्या, लाकडात दाबा, उचला. जिथे काळं लागलं तेवढंच पटाशीने खरवडा. एका वेळी कागदाच्या जाडीइतकं. एकदा जास्त निघालं की लाकूड परत येत नाही; मग अरल्डाइटचं बेडिंग करावं लागतं, म्हणजे ती पोकळी अरल्डाइटने भरून बॉडीच्या आकाराची बैठक बनवावी लागते. ते करताना धातूला मेणाचं पॉलिश लावलं नाही तर यंत्रणा लाकडातच कायमची अडकते. स्क्रूच्या भोकांत मेण भरायला विसरू नका.

पुढच्या ट्रिगर गार्ड स्क्रूभोवती एक छोटी नळी असते, तिला कॉलर म्हणतात. ती हरवली म्हणून अनेक जण तसाच स्क्रू आवळतात. मग लाकूड दबतं, स्क्रू ढिला पडतो, पुन्हा आवळला जातो, आणि मॅगझीनचं तोंड चेंबरपासून किंचित सरकतं. कधी दोन छर्रे शिरतात, कधी एकही नाही. कॉलर लांब झाली तर फोरएंड हलतो, आखूड झाली तर लाकूड चिरडतं. लेथवाल्याकडून किंचित लांब करून घ्या आणि कानसीने जागेवर बसवा.

नळीला वर रेटू नका

खऱ्या रायफलसाठी लिहिलेल्या सूचना एअरसॉफ्टला जशाच्या तशा लावल्या की घोटाळा होतो. नंबर 4 मध्ये फोरएंडचं टोक नळीला मुद्दाम काही पौंड वर दाबतं, आणि जाड पोलादी नळीला ते मानवतं. एअरसॉफ्टची बाहेरची नळी बहुतेकदा पातळ ॲल्युमिनियमची असते. तोच दाब तिला धनुष्यासारखी वाकवतो, आतली नळीही वाकते आणि नेम सुटतो. पोस्टकार्डाच्या जाडीची पट्टी नळी आणि लाकूड यांमधून चेंबरपर्यंत सहज सरकली पाहिजे. हँडगार्डही नळीला टेकता कामा नयेत.

बाहेरची नळी 640 मिमी लांब असली, म्हणून आतली तेवढी हवी असं नाही. सिलिंडरमधली हवा जेवढी पुरते तेवढीच लांबी ठेवा आणि तिचं पुढचं टोक रिंगने मध्यावर धरा. 5.95 मिमीच्या छर्ऱ्याला 6.03 मिमीची नळी चांगली. नळी स्वच्छ नसेल तर तिचा काहीच उपयोग नाही.

आधी ट्रिगर, मग स्प्रिंग

व्हीएसआर-10 (एअरसॉफ्टची एक प्रचलित बोल्ट रायफल) पद्धतीच्या मूळ ट्रिगरमध्ये सिअर, म्हणजे पिस्टन अडवून धरणारा खटका, 45 अंशांचा असतो. तो हलक्या स्प्रिंगसाठी आहे. कडक स्प्रिंग घातली की कडा झिजते आणि बोल्ट बंद करताच छर्रा सुटतो. 90 अंशांचा ट्रिगर आणि त्याला जुळणारा पिस्टन एकत्रच बदला.

किती ताकद ठेवायची हे देशाच्या कायद्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये एकेक छर्रा मारणाऱ्या एअरसॉफ्टला 2.5 ज्यूलची मर्यादा आहे, जपानमध्ये साधारण 0.98. खेळात जो छर्रा वापरणार, त्यावरच क्रोनो करा, म्हणजे वेग मोजा: 2.3 ज्यूलला 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 152 मीटर जातो, 0.40 ग्रॅमचा सुमारे 107. ब्रिटनमध्ये दोनरंगी (खरी वाटू नये म्हणून भडक रंग दिलेली) प्रतिकृती रंगवून खरीसारखी करणं हाही, एअरसॉफ्ट खेळाडू असल्याचा पुरावा नसेल तर, गुन्हा ठरतो. तयार झालेली रायफल कुठेही नेताना बंद पिशवीत न्या.

तेल आणि चिंध्या

पॉलियुरेथेनचा चकचकीत थर या रायफलवर खोटा दिसतो. मुळात कच्चं अळशीचं तेल असे. ते सुकायला फार दिवस लागतात, म्हणून बेलतेल (उकळलेलं अळशीचं तेल) चालतं, पण हात पातळ द्या, वीस मिनिटांनी पुसा आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशी. जाड थर चिकट राहतो आणि धूळ पकडतो. खोदलेल्या आतल्या भागालाही तेल द्या, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच लाकूड फुगतं.

तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

पॉलिश पेपर मारताना बटप्लेट लावूनच ठेवा. ती काढून घासलं की कडेला लाकूड खाली जातं आणि पितळ बाहेर डोकावतं. चेपलेल्या जागेवर घासू नका. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. रेषे तुटले नसतील तर लाकूड परत वर येतं.

हवामान बदललं की कोकणात असा वा लंडनला, पट्टीची चाचणी पुन्हा करा. स्क्रू आवळताना आधी पुढचा ट्रिगर गार्ड स्क्रू, मग मागचा, शेवटी नोजकॅप. नोजकॅप हाताने सरकून बसत नसेल तर स्क्रूने ओढून बसवू नका. फोरएंड कुठे टेकतोय ते काजळाने पुन्हा शोधा.