उत्तर दिसलं, पण मेथडनं दिलं काय?

रुबी ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला लागलेल्यांच्या कोडमध्ये हा घोळ हमखास सापडतो: मेथड (नाव दिलेला, हाक मारून चालवायचा कोडचा तुकडा) चालवली की पडद्यावर बरोबर उत्तर येतं, टेस्ट (कोड तपासणारा कोड) मात्र नापास. टेस्टचं म्हणणं, अपेक्षित १२, मिळालं निल, म्हणजे रुबीच्या भाषेत 'काहीच नाही'. आकडेमोड चोख असते. फक्त उत्तर छापलं गेलेलं असतं, परत दिलेलं नसतं.

समजा 'बेरीज' नावाची मेथड आहे आणि तिच्या आत एकच ओळ: पुट्स अ + ब. पुट्स म्हणजे पडद्यावर छापणारी मेथड. तिला ५ आणि ७ दिले की १२ छापलं जातं. पण पुट्स स्वतः नेहमी निलच परत करतं, काहीही छापलं तरी. आता मेथडचं उत्तर 'एकूण' या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढच्या ओळीत 'एकूण'ला २ नं गुणा. आधी १२ छापून येईल आणि लगेच खाली नोमेथडएरर, कारण निलकडे गुणाकाराची मेथडच नाही. हाच गुणाकार उलटा, म्हणजे २ आधी आणि 'एकूण' नंतर असा लिहिला तर एरर बदलतो, टाइपएरर (चुकीच्या प्रकारचं मूल्य दिल्याचा) येतो. नवखा माणूस इथे दोन वेगवेगळ्या चुका शोधत बसतो, मूळ मात्र एकच.

यात आयआरबीचाही, म्हणजे रुबीची एकेक ओळ टाइप करून लगेच चालवून बघायच्या सोयीचाही, वाटा आहे. तिथे प्रत्येक ओळीचं मूल्य बाणापुढे (=>) आपोआप दिसतं. पुट्स असेल तर आधी १२ आणि खाली बाणापुढे निल. पुट्स नसेल तर थेट बाणापुढे १२. दोन्हीकडे १२ दिसलं म्हणून फरक नजरेतून निसटतो. मग तोच पुट्स नसलेला कोड फाइलमधून चालवला की काहीच दिसत नाही, आणि मेथड बिघडली असं समजून पुट्स आत घुसडलं जातं. ते बाहेर, मेथडला हाक मारतो त्या ओळीत हवं. बाहेर घातलं आणि आतलं काढायचं राहिलं, तर १२ च्या खाली एक रिकामी ओळ येते. ती ओळ म्हणजे छापलेला निल.

रुबीत मेथडमध्ये सगळ्यात शेवटी जे एक्सप्रेशन (मूल्य देणारा कोडचा तुकडा) चालतं त्याचं मूल्य आपोआप परत जातं. रिटर्न लिहायची गरज मधूनच बाहेर पडायचं असेल तेव्हाच. सोय मोठी आहे, पण फसगतही इथेच होते. बरोबर चाललेल्या मेथडच्या शेवटी तपासणीसाठी एक पुट्स टाकलं की उत्तर निल झालंच. तिथे पुट्सऐवजी पी ही दुसरी छापणारी मेथड वापरा. एकच व्हॅल्यू दिली तर पी ती छापून तीच परत करतं, त्यामुळे उत्तराला धक्का लागत नाही. शिवाय पुट्स निलच्या जागी नुसती रिकामी ओळ दाखवतं, पी मात्र निल असं स्पष्ट लिहितं. रिटर्नच्या पुढेच पुट्स लिहिण्यात काही अर्थ नाही, परत जातो तो निलच.

शेवटी इफ असेल, एल्स नसेल आणि अट खोटी ठरली, तरी निलच मिळतो. शेवटी ईच (यादीतला, म्हणजे अ‍ॅरेतला, प्रत्येक घटक एकेक घेऊन काम करणारी मेथड) असेल तर मूळ अ‍ॅरे जशीच्या तशी परत येते. नवी हवी असेल तर मॅप, ते प्रत्येक घटकासाठी मिळालेल्या मूल्यांची नवी यादी देतं. मात्र मॅपच्या ब्लॉकमध्ये (प्रत्येक घटकासाठी चालणाऱ्या कोडमध्ये) शेवटी पुट्स असेल तर तीन घटकांच्या अ‍ॅरेचे तीन निल हाती येतात.

खरा त्रास देतो तो एरर न देणारा निल. स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) इंटरपोलेशननं, म्हणजे मधेच मूल्य बसवून, घातला की त्याची रिकामी जागा होते. टू-आय (पूर्णांकात बदलणारी मेथड) लावलं की शून्य होतो, आणि पुढची सगळी बेरीज बिनबोभाट चुकते. म्हणून एरर घालवायला निलवर टू-आय लावू नका; तो निल कुठल्या मेथडमधून आला ते आधी शोधा.

छापणाऱ्या मेथड असाव्यात, पण वेगळ्या. हिशोब करणारी एक, 'पावती_छाप' अशा नावाची दुसरी; दुसरीनं पहिलीकडून उत्तर घ्यायचं आणि फक्त दाखवायचं. पहिलीची टेस्ट नेहमीच्या असर्ट-इक्वलनं (अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर जुळतं का ते बघून) होते. दुसरीसाठी मिनिटेस्ट या रुबीच्या टेस्ट लायब्ररीत छापलेला मजकूर तपासणारं असर्ट-आउटपुट आहे. तिथे पुट्सनं शेवटी जोडलेली नव्या ओळीची खूणही (न्यूलाइन) अपेक्षित मजकुरात धरावी लागते, नाहीतर मजकूर बरोबर असूनही टेस्ट पडते.