कॅनडाचा पीआर: कन्सल्टंट घ्यायचा की स्वतःच फाइल करायची?

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो, चांगला कन्सल्टंट कोण? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. कन्सल्टंट असलाच पाहिजे असा नियम नाही. आयआरसीसी, म्हणजे तिकडचं इमिग्रेशन खातं, स्वतःच सांगतं की प्रतिनिधी नेमणं ऐच्छिक आहे, फॉर्म आणि सूचना सगळं फुकट मिळतं आणि कन्सल्टंटमार्फत आलेल्या फाइलला वेगळी रांग किंवा वेगळी वागणूक मिळत नाही. खरा प्रश्न एवढाच, की तुमच्या केसमध्ये काही गुंता आहे का. नसेल तर स्वतः करा, असेल तर नीट माणूस धरा, आणि गुंता आहे की नाही हे कळायला अर्धं काम तुम्हालाच करावं लागतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करूया. (मी इथे फक्त एक्सप्रेस एंट्रीबद्दल, म्हणजे मार्कांवर निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीबद्दल लिहितेय, क्युबेकची पद्धत पूर्ण वेगळी आहे.)

सगळ्यात आधी दोन गोष्टी हातात हव्यात, इंग्रजीच्या परीक्षेचा रिझल्ट आणि डिग्रीचं ईसीए, म्हणजे आपली डिग्री कॅनडात कशाच्या बरोबरीची ते सांगणारा रिपोर्ट. परीक्षा आयेल्ट्सची जनरल ट्रेनिंग द्यायची, अकॅडमिक नाही, किंवा सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर, कुठलीही चालते. ईसीए बरेच जण वेस नावाच्या संस्थेकडून करतात, त्यात वेळ खातं ते युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट निघून थेट वेसला पोचणं, म्हणून अभ्यास सुरू केला त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीत अर्ज टाकून द्या. भाषेचा रिझल्ट दोन वर्षं चालतो, ईसीए पाच वर्षं. ही दोन्ही कामं कुठलाही कन्सल्टंट तुमच्यासाठी करू शकत नाही, तो फार तर आठवण करून देईल.

मग स्कोअर काढा. दोन वेगळे हिशोब आहेत आणि लोक ते हमखास एकमेकांत मिसळतात. एक म्हणजे फेडरल स्किल्ड वर्कर या एक्सप्रेस एंट्रीतल्या प्रोग्रामसाठी १०० पैकी ६७, ही फक्त पात्रता. दुसरा सीआरएस, १२०० पैकी, पूलमधे, म्हणजे सगळ्या पात्र उमेदवारांच्या यादीत, तुमचा नंबर कितवा ते यावरून ठरतं. आयआरसीसीच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, दहा मिनिटांत आकडा कळतो, त्यासाठी कोणी 'प्रोफाइल असेसमेंट'चे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता एक हिशोब नीट बघा, कारण बहुतेकांचा पीआर इथेच अडतो. समजा तुम्ही सिंगल आहात, मास्टर्स झालंय, भारतातला तीन वर्षांहून जास्त अनुभव आहे, आयेल्ट्समधे लिसनिंग ८, रीडिंग ७, स्पीकिंग ७ पण रायटिंग ६.५. त्या अर्ध्या बँडने रायटिंग सीएलबी ८ वर राहतं (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी). तेच ७ झालं तर सीएलबी ९, भाषेचे ८ मार्क वाढतात, शिक्षण आणि भाषा मिळून जे मार्क देतात ते २५ चे ५० होतात, अनुभव आणि भाषा मिळून देतात तेही २५ चे ५०. म्हणजे अर्ध्या बँडला ५८ मार्क! तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-सहा मार्क कमी होत जातात ते वेगळंच. म्हणून माझं स्पष्ट मत, कन्सल्टंटला द्यायचे ठेवलेले पैसे आधी रायटिंगच्या तयारीला आणि परत परीक्षा द्यायला वापरा. फ्रेंच शिकायची तयारी असेल तर तोही खरा मार्ग आहे, २०२३ पासून फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे पूलमधून इन्व्हिटेशन द्यायच्या फेऱ्या, होतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. आणि जॉब ऑफरचे मार्क मिळतील असं कोणी सांगत असेल तर तो जुनी माहिती विकतोय, ते मार्क २५ मार्च २०२५ पासून काढून टाकलेत. प्रॉव्हिन्सचं नॉमिनेशन मिळालं तर मात्र अजूनही ६०० मिळतात.

स्कोअर बरा असेल तर प्रोफाइल बनवा. त्यात सगळ्यात विचार करायची गोष्ट म्हणजे एनओसी कोड, म्हणजे कॅनडाच्या सरकारी यादीतला तुमच्या कामाचा नंबर (आपली ना-हरकतवाली एनओसी नव्हे). कोड निवडताना व्हिजिटिंग कार्डवरचं पद बघू नका, एनओसीच्या पानावर त्या कोडखाली जी कामं दिलीत ती वाचा आणि तुम्ही रोज जे करता ते त्याच्याशी जुळतंय का ते बघा. 'सिनिअर असोसिएट' म्हणजे एका कंपनीत प्रोग्रामर असतो आणि दुसरीकडे अकाउंट्सचा माणूस. कोड टीअर (त्या यादीतली कामाची पातळी) ०, १, २ किंवा ३ मधला हवा.

यानंतर येतं एक्सपिरिअन्स लेटर, आणि सगळ्यात जास्त जीव इथे लावा. आपल्याकडच्या एचआरचं ठरलेलं लेटर तीन ओळींचं असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होते, वर्तणूक चांगली. ते कॅनडाला पुरत नाही. लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, कामाचं नीट वर्णन, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि कंपनीचा संपर्क, एवढं सगळं लागतं. एचआर नाहीच म्हणाले तर ते तीन ओळींचं लेटर घ्या, जुन्या मॅनेजरकडून कामाचं वर्णन सही करून घ्या, सोबत सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अपॉइंटमेंट लेटर जोडा आणि पूर्ण लेटर का मिळालं नाही हे एका स्वतंत्र पत्रात साध्या भाषेत लिहा. असं पॅकेज मान्य करायचं की नाही हे ऑफिसरवर असतं, पण नुसत्या तीन ओळींपेक्षा ते कितीतरी बरं. एक मात्र कधीच करू नका, एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी लेटरमधे चिकटवू नका. ऑफिसर ती वाक्यं रोज वाचतो.

हे सगळं इन्व्हिटेशन यायच्या आधी जमवून ठेवायचं, कारण आयटीए, म्हणजे अर्ज करायचं ते इन्व्हिटेशन, आल्यावर फक्त ६० दिवस असतात. त्यात पोलिस क्लिअरन्स (१८ वर्षांनंतर, गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं, भारताचं पासपोर्ट सेवामधून), मेडिकल, फंडचं बँक लेटर. २१ ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल अर्जाच्या आधीच करून रिपोर्टचा कागद जोडावा लागतो, आणि ते फक्त त्यांच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडूनच. बँकेच्या लेटरमधे खाते नंबर, खातं कधी उघडलं, आजचा बॅलन्स, गेल्या सहा महिन्यांची सरासरी आणि कर्ज किती, हे सगळं हवं. फंडाचा आकडा दरवर्षी बदलतो, २०२५ च्या जुलैत तो एकट्यासाठी १५,२६३ कॅनेडियन डॉलर आणि चौघांसाठी २८,३६२ झाला. उसने आणलेले पैसे चालत नाहीत, घराची किंमत धरत नाहीत, आणि बायको किंवा नवरा सोबत येणार नसला तरी कुटुंबाच्या आकड्यात मोजतात. सरकारी फी ३० एप्रिल २०२४ च्या दराप्रमाणे मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर होती, बायोमेट्रिक्सचे वेगळे, आणि ही फी दर दोन वर्षांनी सुधारतात त्यामुळे भरायच्या दिवशी साइटवर बघूनच भरा. पर्सनल हिस्टरीत गेल्या दहा वर्षांतला एक महिनाही रिकामा सोडू नका, घरी बसला होतात तर तसंच लिहा.

एवढं करताना गुंता असेल तर तो आपोआप वर येतो. कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारलाय, एखादी पोलिस केस आहे मग ती बंद का झाली असेना, घटस्फोट झालाय आणि मुलाला न्यायचंय पण दुसऱ्या पालकाची संमती नाही, घरातल्या कोणाला मोठा आजार आहे, आधीच्या अर्जात वेगळी माहिती गेलीय, किंवा आयआरसीसीकडून प्रोसिजरल फेअरनेस लेटर, म्हणजे नकार द्यायच्या आधी तुमचं म्हणणं मागणारं पत्र, आलंय. यातलं काही असेल तर जरूर पैसे खर्च करा, फेअरनेस लेटर आणि पोलिस केससाठी तर मी थेट कॅनडातला इमिग्रेशन वकीलच बघेन. बाकी स्वतःला वेळ नाही, फॉर्म बघितले की घाबरायला होतं, हेही कारण चांगलंच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे घेऊन तुमचं काम करायचा हक्क फक्त तिघांना आहे: कॅनडाच्या कुठल्याही प्रॉव्हिन्सच्या लॉ सोसायटीचे सदस्य म्हणजे वकील आणि पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी, आणि आरसीआयसी, म्हणजे लायसन्सवाले कन्सल्टंट. हे लायसन्स देणारं कॉलेज (म्हणजे नियामक संस्था, शिकायचं कॉलेज नव्हे) २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याचं रजिस्टर ऑनलाइन सगळ्यांना खुलं आहे. ऑफिस कितीही चकाचक असो, आधी नाव आणि नंबर त्या रजिस्टरवर टाका, लायसन्स चालू आहे का बघा, मग विचारा की माझ्या फाइलवर सही कोण करणार. पुष्कळ ठिकाणी भिंतीवर एकाचं लायसन्स असतं आणि फाइल दुसराच भरतो. त्याने आयएमएम ५४७६ या प्रतिनिधी नेमायच्या फॉर्मवर स्वतःचं नाव टाकायला नकार दिला, किंवा तुमच्याच नावाने अकाउंट उघडून पासवर्ड स्वतःकडे ठेवला, तर तो घोस्ट कन्सल्टंट आहे, तिथून उठून या. करारात फी टप्प्याटप्प्याने असावी, काय काम करणार ते लिहिलेलं असावं, पैसे कधी परत मिळतील तेही असावं. पीआरची गॅरंटी देतो म्हणणारा लायसन्सवाला असला तरी टाळा, आणि जॉब ऑफर विकत मिळवून देतो म्हणणारा तर बेकायदा धंदाच करतोय.

कोणीही भरो, सबमिट करायच्या आधी प्रत्येक पानाची पीडीएफ मागून स्वतः वाचा. खोटी माहिती गेली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते आणि ती कन्सल्टंटवर नाही, तुमच्यावर येते. 'तो जुना अमेरिकेचा रिजेक्शन लिहू नका, उगाच प्रॉब्लेम होईल' असं कोणी सुचवलं तर लगेच सावध व्हा, नाकारलेला व्हिसा लिहून दोन ओळींत कारण दिलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, लपवलेला सापडला तर सगळं संपतं. तसंच नवरा-बायको, मुलं सगळी दाखवा, सोबत येणार नसली तरी, कारण जे कुटुंबीय दाखवलेच नाहीत त्यांना नंतर स्पॉन्सर करायला गेलात की दार बंद झालेलं असू शकतं.

फाइल गेल्यावर घरात बाळ झालं, लग्न झालं, नोकरी किंवा पत्ता बदलला तर वाट बघत बसू नका, लगेच आयआरसीसीच्या वेबफॉर्मने कळवा आणि पाठवलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवा. कन्सल्टंट असेल तर त्याला कळवायला सांगा आणि कळवल्याचा पुरावा मागून घ्या.