ज्यूटची हॅण्डबॅग घरी शिवताना पट्टा कसा लावायचा

बाहेरून तरट म्हणजे ज्यूटचं जाडंभरडं कापड, आतून मांजरपाटाचं अस्तर, पट्ट्यांना जाड सुती कापड, वर करवंटीचं बटण. एवढंच सामान. तरट घेताना उलटं करून बघा, मागची बाजू चकाकत असेल तर तो प्लॅस्टिकचा थर आहे, घेऊ नका. मांजरपाट धुवून घ्या कारण कोरं कापड आटतं, तरट मात्र भिजवायचं नाही, दोन दिवस उन्हात टाकलं की तेलाचा वास कमी होतो.

तरटाचा 44 बाय 80 सेंमीचा एकच तुकडा कापा आणि लगेच कडेला झिगझॅग मारा, नाहीतर धागे सुटत जातात. सुई 16 किंवा 18 नंबरची.

आता पट्टे. माझी पहिली बॅग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेली, चार नारळ आणि दोन किलो उकडे तांदूळ घेतले आणि बस स्टँडपर्यंत पोचायच्या आधी पट्टा हातात आणि बॅग रस्त्यावर. घरी येऊन बघितलं तर टीप एकही उसवली नव्हती, तरटाचे धागेच सरकून भोक पडलं होतं! सगळे सांगतात जास्त टिपा मारा. अजिबात मारू नका. मी मारल्या, बारीक टाक्यांच्या सहा ओळी, आणि सुईच्या भोकांवरच तरट फाटलं. तरटाची वीण सैल असते, तिथे वजन नुसत्या वरच्या काठावर टाकायचंच नाही.

म्हणून पट्टा तळापर्यंत न्यायचा. 10 सेंमी रुंद, 1.35 मीटर लांब अशा दोन पट्ट्या चौपदरी दुमडून शिवा. दोन्ही बाजूच्या पट्ट्यांची टोकं तळाला एकमेकांवर येतील अशा लावा, म्हणजे सगळं वजन बॅगेच्या खालून उचललं जातं. प्रत्येक बाजूला पट्ट्याच्या दोन उभ्या भागांमध्ये 15 सेंमी अंतर, टाका 4 मिमीचा, आणि वरच्या काठाच्या 7 सेंमी खाली थांबा कारण 3 सेंमी काठ आत दुमडायचा आहे. जिथे थांबता तिथे आतून मांजरपाटाचा दुपदरी तुकडा ठेवून चौकोन आणि त्यात फुली शिवा, तिथे मोटर नको, चाक हाताने फिरवा. हे सगळं कापड सपाट असतानाच, एकदा बाजू शिवल्या की मशीनचा पाय आत जात नाही.

मग बाजू शिवा, अस्तर आत घाला, काठ दुमडून टीप, बटण.

पावसात बॅग कपाटात कोंबू नका, आपल्याकडे आठ दिवसांत बुरशी धरते, खुंटीवर वाऱ्याला टांगा.