पामवर लिहायला सुरुवात करताय? या चुका टाळा

पाम म्हणजे पडद्यावर पेनाने लिहायचा, खिशात मावणारा छोटा संगणक. त्याचं पहिलं मॉडेल, पायलट, १९९६ साली आलं, पुढे पाम थ्री, पाम फाइव्ह. आज ही जुनी यंत्रं हौसेनं मिळवणाऱ्यांना बहुधा एवढंच हवं असतं की लिहिताना मध्ये काही वाजू नये. मग पहिल्याच आठवड्यात अक्षरं उमटेनाशी होतात आणि यंत्र खणात जातं. असं होऊ देऊ नका. दोष बहुतेक वेळा हाताच्या जुन्या सवयीचा असतो.

ॲपलचा असाच हातातला संगणक, न्यूटन, आपलं हस्ताक्षर ओळखायला धडपडायचा. पामने ग्राफिटी ही वेगळी लिपी दिली आणि ती माणसानेच शिकावी असं ठरवलं. त्यामुळे इथे नेहमीसारखं लिहिणं हीच सगळ्यात मोठी चूक. जवळजवळ प्रत्येक अक्षर एका रेघेत लिहायचं, पेन न उचलता. ‘ए’ची आडवी रेघ गाळायची. ‘व्ही’चा सारखा ‘यू’ होत असेल तर तो उजवीकडून डावीकडे काढा. अक्षरं मोठी, सरळ आणि नेहमीच्या वेगाने काढा. जपून, सावकाश काढलेलं अक्षरच जास्त चुकतं. पडद्याखालच्या लिहिण्याच्या चौकटीत अक्षरं डाव्या भागात, आकडे उजव्या भागात. २००३ नंतरच्या यंत्रांत ग्राफिटी २ असते. तिच्यात ‘टी’, ‘के’, ‘आय’, ‘एक्स’ दोन रेघांचे आहेत, म्हणून जुना तक्ता तिथे चालत नाही.

पेन टेकवता एकीकडे आणि उमटतं दुसरीकडे? प्रेफरन्सेसमधल्या डिजिटायझरमध्ये जाऊन खुणांच्या मधोमध टेकवा.

पामच्या मूळ प्रणालीत देवनागरी नाही, मराठी रोमनमध्येच लिहावी लागते. ‘आ’साठी मोठा ‘ए’ वापरू नका, छोटा ‘ए’ दोनदा काढा. मोठ्या अक्षराआधी दर वेळी वर जाणारी जादा रेघ काढावी लागते, पानभर मजकुरात हात भरून येतो. स्पेलिंगची पद्धत आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, म्हणजे नंतर संगणकावर देवनागरी करणं सोपं जातं.

आता सेल. पाम थ्रीसारख्या यंत्रात सगळा मजकूर विजेवर जगतो. ट्रिपल एचे दोन सेल काढले की जेमतेम मिनिटभर तो टिकतो, आणि इतक्या जुन्या यंत्रात तेवढाही भरवसा धरू नये. नवे सेल हाताशी ठेवा, आधी हॉटसिंक करा (म्हणजे मजकुराची प्रत संगणकावर घ्या), मगच झाकण उघडा. यंत्र अडकलं तर मागच्या भोकात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबा, सुई नको. त्याच वेळी पॉवरचं बटण दाबून धरलंत तर सगळं पुसलं जाण्याची वाट मोकळी होते.

जुन्या मेमो पॅडमध्ये, म्हणजे पामच्या टिपणवहीत, एका मेमोत सुमारे ४००० अक्षरंच मावतात, तेव्हा लांब लेखाचे आधीच क्रमांक घालून भाग पाडा. घडीचा कीबोर्ड घेणार असाल तर खालची जोडणी तपासा: पाम थ्रीचा कीबोर्ड पाम फाइव्हला बसत नाही.