गच्चीवरच्या सोलर स्टँडचं सिम्युलेशन: वाऱ्याचा लोड लावताना या चुका टाळा

नवी मुंबईतलं ऐरोली असो की ठाण्यातलं कोलशेत, सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं म्हटलं की स्टँडचा सिम्युलेशन रिपोर्ट (स्टँड लोड पेलेल का, याची संगणकावरची तपासणी) मागितला जातो. रिपोर्टमधलं चित्र निळंशार, म्हणजे ताण कमी, दिसलं की सगळे खूश. पण पुष्कळदा ते निळं असतं ते लोडच कमी पडल्यामुळे.

सर्वांत महागात पडते ती उंचीची चूक. स्टँड दोन मीटरचा, म्हणून वाऱ्याच्या मानकातल्या तक्त्यातली १० मीटरची ओळ घेतली जाते. उंची गच्चीपासून नव्हे, जमिनीपासून मोजायची. आयएस ८७५ (भाग ३) : २०१५ या भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे. १० मीटर उंची आणि दाट वस्ती (श्रेणी ३) धरली तर के-२ (उंची आणि परिसराचा गुणक) ०.९१ आणि दाब ९६२ न्यूटन प्रति चौ. मीटर येतो. गच्ची ३० मीटरवर आणि समोर उघडी खाडी (श्रेणी १) असेल तर के-२ १.१५ आणि दाब १५३६. म्हणजे जवळपास ६० टक्के जास्त! येऊर किंवा पारसिकच्या डोंगरउतारावर इमारत असेल तर के-३ (डोंगर-उताराचा गुणक) डोळे झाकून १ धरू नका.

दुसरी चूक म्हणजे वारा फक्त खाली दाबतो असं धरणं. तो पॅनेल वरही उचलतो. ८ पॅनेलचं क्षेत्रफळ सुमारे २० चौ. मीटर. १५३६ ला दिशा-गुणक ०.९ लावून निव्वळ दाब-गुणांक (पॅनेलच्या वरच्या-खालच्या दाबांचा एकत्रित परिणाम) १ धरला, तरी उचल २७.६ किलोन्यूटन, म्हणजे २.८ टन. पॅनेल आणि लोखंड मिळून जेमतेम अर्धा टन. म्हणून उचलीच्या केसमध्ये स्वतःच्या वजनाला ०.९ आणि वाऱ्याला १.५ हे गुणक लावा, वजनालाही १.५ लावलं की उचल कागदावरच कमी होते. खरा गुणांक पॅनेलच्या कलानुसार तक्त्यातून घ्या. एकाच उताराच्या छपरासाठी दाबाचं केंद्र मध्यावर नसून वाऱ्याकडच्या कडेपासून रुंदीच्या ०.३ अंतरावर असतं, त्यामुळे पुढच्या-मागच्या पायांवर लोड सारखा पडत नाही.

पॅनेलच्या वरच्या-खालच्या दोन्ही पृष्ठांवर तोच दाब लावला तर बेरीज शून्य होते. निव्वळ गुणांक एकाच पृष्ठावर लावा. मॉडेल मिलिमीटर-न्यूटनमध्ये असेल तर १५३६ नव्हे, ०.००१५३६ भरायचं. या दोन्ही चुका रिअ‍ॅक्शनची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीज हाताने काढलेल्या आकड्याशी ताडली की लगेच सापडतात, तेही स्ट्रेसचं चित्र उघडण्याआधी.

मॉडेलमध्ये बेस प्लेटचा (पायाखालच्या लोखंडी पट्टीचा) संपूर्ण तळ फिक्स केला की प्लेट वाकतच नाही आणि अँकर बोल्टवरचा खरा ताण लपतो. बोल्टच्या जागाच फिक्स धरा आणि काँक्रीटशी फक्त दाब घेणारा संपर्क द्या. बारीक पायांसाठी बकलिंग (दाबाखाली पाय एकदम बाजूला वाकणं) वेगळं चालवा. साध्या स्टॅटिक विश्लेषणात ते दिसत नाही.